पोर्टलँड सिमेंट दोनशे वर्षांचं, हिशोब लाख वर्षांचा: मकारिनचा डोंगर काय सांगतो?

खडकवाट

जुन्या पुलाच्या पोटाला किंवा गळक्या तळघराच्या छताला लोंबणाऱ्या पांढऱ्या, पोकळ नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. टोकाला एक थेंब अडकलेला असतो. बॅटरी तिरकी धरून निरखलं तर त्या थेंबावर साय धरावी तसा एक पातळ पापुद्रा दिसतो. स्लॅबमधून झिरपणारं पाणी वाटेत सिमेंटमधला चुना विरघळवून घेतं, म्हणजे तो थेंब ही शाळेतली चुन्याची निवळीच. निवळीत फुंकर घातली की ती दुधी होते. इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून थेंबाच्या कडेला कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, धरतो, थेंब गळून पडतो, कडं तेवढं मागे राहतं आणि नळी केसभर लांबते.

अशाच नळ्या जॉर्डनच्या उत्तर टोकाला, यार्मुक नदीच्या काठी, मकारिन नावाच्या जागी एका आडव्या बोगद्यात लोंबतात. धरणाच्या पाहणीसाठी खोदलेला हा बोगदा. त्यात झिरपणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) 12.5 च्या आसपास आहे, थेट काँक्रीटमधून गळणाऱ्या पाण्यासारखा. मात्र तिथला चुना कारखान्यातून आलेला नाही. तिथलं सिमेंट डोंगरानेच भाजलं, डोंगरानेच भिजवलं, आणि त्या सिमेंटमधून पाणी हजारो वर्षं वाहतं आहे.

या जागेबद्दल मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. माझं काम खडकांच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचं. या विषयात मी गेली काही वर्षं मनापासून गुंतलोय.

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. किरणोत्सारी कचरा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वापरून झालेलं अणुइंधन येतं. पण आकारमानाने बघितलं तर निम्न आणि मध्यम पातळीचा कचराच कितीतरी जास्त: गाळण्या, रेझिन, पाइप, हातमोजे, पाडलेल्या यंत्रसामग्रीचे तुकडे. हा कचरा बऱ्याच देशांत सिमेंटमध्ये जखडून ठेवतात. कोठ्यांच्या भिंती काँक्रीटच्या असतात, आणि काही आराखड्यांत उरलेली पोकळीही सिमेंटनेच भरायची असते. स्वीडनमधलं फोर्समार्कचं भूमिगत भांडार 1988 पासून असं चालू आहे. ते समुद्रतळाखाली 50 मीटरहून जास्त खोल आहे आणि त्यात काँक्रीटची एक अजस्र कोठी पाण्याने फुगणाऱ्या बेंटोनाइट मातीच्या वेढ्यात उभी आहे.

सिमेंटच का? एक तर ते भक्कम असतं. पण त्याहून मोठं कारण रासायनिक आहे. सिमेंटच्या छिद्रांतलं पाणी इतकं अल्कधर्मी असतं की प्लुटोनियम, थोरियम, अमेरिशियम असे धातू त्यात जेमतेमच विरघळतात. पोलादावर संरक्षक थर बसतो आणि गंज मंदावतो. जिवाणूंची वाढ खुंटते. भिंतीला तडा गेला तरी हे रसायन आपलं काम करत राहतं. तडा गेलेली भिंतही कचरा धरून ठेवू शकते ती यामुळे.

आता अडचण. पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने 1824 साली घेतलं. म्हणजे जगातलं सगळ्यात म्हातारं पोर्टलँड सिमेंट जेमतेम दोनशे वर्षांचं. आणि कचऱ्यातल्या निकेल-59 चं अर्धायुष्य आहे 76,000 वर्षं, प्लुटोनियम-239 चं 24,100 वर्षं. प्रयोगशाळेत काळ पळवायचा म्हणून तापमान वाढवावं, तर सिमेंटला एकत्र बांधणारं जेल, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट, थोडक्यात सीएसएच, त्याचेच स्फटिक व्हायला लागतात. मग जे तपासायचं तो पदार्थच बदलला. इथे घाई करून उत्तर मिळत नाही.

म्हणून निसर्गातच अशा जुन्या सिमेंटची शोधाशोध. या क्षेत्रातली माणसं त्याला 'नॅचरल ॲनालॉग' म्हणतात, मी 'नैसर्गिक प्रतिरूप' म्हणेन.

मकारिनला चुनखडीयुक्त, मातकट खडकात सेंद्रिय द्रव्य भरपूर आहे, जवळजवळ डांबरी म्हणावं इतकं. त्याने कधीतरी जमिनीखाली पेट घेतला. तापमान हजार अंशांच्या आसपास गेलं, चुनखडी आणि माती एकत्र भाजली गेली. भट्टीत नेमकं हेच करतो आपण. तयार झाली लार्नाइट, ब्राउनमिलराइट अशी खनिजं. क्लिंकरच्या, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या न दळलेल्या सिमेंटच्या, रसायनात यांची नावं वेगळी, पण द्रव्यं तीच. मग पाणी शिरलं आणि पोर्टलँडाइट (म्हणजे भिजलेला चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड), एट्रिंगाइट, थॉमसाइट, सीएसएच बनले. काँक्रीटच्या पुस्तकातली सगळी यादी डोंगराच्या पोटात हजर.

सिमेंटमधून पाणी वाहत राहिलं तर त्याचा सामू पायऱ्या उतरत जातो. सुरुवातीला सोडियम-पोटॅशियमची हायड्रॉक्साइडं निघून जातात, तेव्हा सामू 13 च्या आसपास किंवा वर असतो. ती संपली की पोर्टलँडाइट विरघळू लागतं, तेव्हा 12.5. तेही संपलं की सीएसएचची पाळी, आणि सामू हळूहळू 10 कडे घसरतो. शेवटी नुसता कॅल्साइट उरतो आणि पाणी नेहमीच्या चुनखडीतल्या पाण्यासारखं होतं. हे चित्र आधी कागदावर होतं. मकारिनला पश्चिमेकडच्या झऱ्यांत पोटॅशियम-सोडियम जास्त आणि सामू 12.9 पर्यंत, तर पूर्वेकडच्या झऱ्यांत 12.5 च्या आसपास. पहिली आणि दुसरी पायरी एकाच नदीच्या काठी वाहताना दिसतात. तिसऱ्या पायरीच्या खुणा खडकात आहेत. मध्य जॉर्डनमध्ये तर अशा जागा आहेत जिथे हे अल्कधर्मी पाणी वाहायचं कधीच थांबलं, मागे फक्त खनिजं उरली.

माझ्या लेखी मकारिनची खरी कमाई मात्र वेगळी आहे. 1990 च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या नाग्रा, ब्रिटनच्या नायरेक्स अशा किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट बघणाऱ्या संस्थांनी तिथे काम सुरू केलं, तेव्हा त्यांनी एक पथ्य पाळलं. पाण्याचं मुख्य रसायन संगणकाच्या प्रारूपांना दिलं आणि विचारलं, यात युरेनियम, थोरियम, निकेल, शिसं, कथील, सेलेनियम, रेडियम जास्तीत जास्त किती विरघळेल आणि कुठल्या खनिजात अडकेल? मोजलेले आकडे आधी दाखवले नाहीत. उत्तर आल्यावर मगच दोन्ही शेजारी ठेवले. बहुतेक ठिकाणी प्रारूपांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त विद्राव्यता सांगितली, म्हणजे चूक सुरक्षिततेच्या बाजूने झाली. काही मूलद्रव्यांसाठी प्रारूपांकडची माहितीच तोकडी निघाली. हे कळणंही तेवढंच मोलाचं.

'बघा, डोंगर टिकला, म्हणजे भांडारही टिकेल' असं कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. आपलं गणित ज्याच्यावर पडताळून बघावं असा एक खडक मिळाला, एवढंच म्हणावं. आणि ते खूप आहे.

अजून दोन-तीन जागांबद्दल प्रतिसादांत लिहितो.

पाऊलवाट

वाचनखूण साठवली. पुलाखालच्या नळ्या नेहमी बघते, त्यांच्यात इतकं काही असेल असं वाटलं नव्हतं. एक बाळबोध प्रश्न: जमिनीखाली आग लागली कशी? हवा कुठून आली?

खडकवाट

पाऊलवाट, प्रश्न अगदी योग्य आहे. जमीन वर उचलली गेली, वरचे थर झिजले, खडकाला भेगा पडल्या आणि त्यांतून हवा आत गेली. या खडकात लोह आणि गंधकाचं पायराइट असतं. त्याचं ऑक्सिडीकरण झालं की उष्णता निघते. ती बाहेर पडायला वाव नसेल तर साठत जाते आणि सेंद्रिय द्रव्य आपोआप पेटतं. कोळशाच्या ढिगाला आतून आग लागते तशीच गोष्ट. बहुतेकांना मान्य असलेलं स्पष्टीकरण हेच आहे. मृत समुद्राच्या परिसरात हॅट्रुरिम नावाच्या खडकसमूहातही असंच भाजकाम झालंय.

सिमेंटकर

खडकवाट, लेख आवडला. मी काँक्रीटच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे एक तांत्रिक मुद्दा मांडतो.

कारखान्यातल्या क्लिंकरमध्ये सगळ्यात जास्त असतो अलाइट, म्हणजे ट्रायकॅल्शियम सिलिकेट. आपल्याला लवकर ताकद देतो तो हाच. त्यासाठी भट्टी 1450 अंशांपर्यंत न्यावी लागते. तुमचा लार्नाइट म्हणजे आमचा बेलाइट, डायकॅल्शियम सिलिकेट, तो सावकाश पकडतो. म्हणजे मकारिनचं सिमेंट हे अलाइट जवळजवळ नसलेलं सिमेंट. मग तुलना कितपत चालेल?

खडकवाट

सिमेंटकर, बरोबर पकडलंत. निसर्गात अलाइट आहे, त्याचं खनिज म्हणून नाव हॅट्रुराइट, हॅट्रुरिमवरूनच पडलेलं, पण ते दुर्मीळ. मकारिनला बेलाइटचंच राज्य.

हा फरक सुरुवातीच्या काळापुरता मोठा आहे. पाणी लागल्यावर अलाइट काय किंवा बेलाइट काय, दोघांतूनही सीएसएच आणि पोर्टलँडाइटच बनतात. अलाइटमधून पोर्टलँडाइट जास्त, बेलाइटमधून कमी. म्हणजे 12.5 ची पायरी किती काळ टिकेल हे बदलेल, पण पायऱ्यांचा क्रम बदलणार नाही. भांडाराचा हिशोब मांडताना भिजलेल्या सिमेंटचं पुढे काय होतं हेच विचारायचं असतं, पहिल्या 28 दिवसांची ताकद नव्हे. म्हणून मी तुलना ग्राह्य धरतो, पण मर्यादा सांगूनच.

मेधा_क

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सामूबद्दल थोडी भर. 12.5 आणि 12.9 हे आकडे शेजारी शेजारी वाटतात, पण ही घातांकी मोजपट्टी आहे. 0.4 चा फरक म्हणजे हायड्रॉक्साइड अडीच पट. शुद्ध पाण्याच्या 7 शी तुलना केली तर 12.5 ला हायड्रॉक्साइड तीन लाख पटींहून जास्त. मुलांना हे समजावताना मी दर वेळी फळ्यावर शून्यं लिहून दाखवते, त्याशिवाय पटत नाही.

आता शंका. 'अल्कधर्मी पाण्यात धातू विरघळत नाहीत' हे सगळ्यांना लागू नाही. क्रोमेट, सेलेनेट, मॉलिब्डेट असे ऋण आयन उलट मोकळे फिरतात. आयोडीन-129 चं अर्धायुष्य 1 कोटी 57 लाख वर्षं, क्लोरीन-36 चं 3 लाखांच्या घरात. त्यांना सिमेंट कसं अडवणार?

खडकवाट

मेधाताई, मनापासून धन्यवाद, हा मुद्दा लेखात यायलाच हवा होता. मकारिनच्या पश्चिमेकडच्या झऱ्यांत क्रोमियम आणि सेलेनियम चांगलं जास्त आहे, तुम्ही म्हणता तसंच ऋण आयनांच्या रूपात. एट्रिंगाइटच्या जाळीत थोडं क्रोमेट शिरतं, पण सगळं नाही.

आयोडीन आणि क्लोरीनला सिमेंट फारसं अडवत नाही, हे सरळ मान्य करायला हवं. त्यांच्यासाठी सगळा भरवसा पाण्याचा वेग, खडकाची जाडी आणि कचऱ्यात मुळात ती किती आहेत यावर ठेवावा लागतो. कार्बन-14 चं वेगळं. तो कार्बोनेट रूपात असेल तर सिमेंटचा चुना त्याला कॅल्साइट करून धरून ठेवतो.

शंकेखोर

लेख मेहनतीने लिहिलाय, पण मला मूळ कल्पनाच पटत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

जे टिकलं तेच आपल्याला दिसतं. ज्या डोंगरातलं सिमेंट पूर्ण धुऊन गेलं, तिथे अभ्यास करायला कोण जाणार? मकारिन हा वाचलेला नमुना आहे, आणि वाचलेल्यांना विचारून जगण्याची शक्यता काढता येत नाही. शिवाय तिथे ना पोलादाचे ड्रम, ना कागद-कापड-रेझिन, ना किरणोत्सारामुळे तापलेला कचरा. तिसरं म्हणजे तो डोंगर किती जुना याची नक्की तारीख कुठाय? भाजला कधी आणि भिजला कधी, या दोन तारखा वेगळ्या असू शकतात.

पुढच्या हजारो पिढ्यांच्या पाण्याचा प्रश्न असताना एका झऱ्याकडे बोट दाखवून कुणी निश्चिंत होऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

खडकवाट

शंकेखोर, ही काळजी माझीही आहे. एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, कारण त्यातला एक मुद्दा बाकीच्यांपेक्षा खूप खोल आहे.

तारखेचं आधी. तुमचं बरोबर आहे. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण उत्तर आयर्लंडमध्ये लार्न गावाजवळच्या स्कॉट हिलचं. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी तापलेला लाव्हारस खडूच्या थरांत घुसला आणि खडू व त्यातली गारगोटी संपर्काच्या जागी भाजली गेली. सेसिल टिली यांनी 1929 साली तिथेच लार्नाइटचं वर्णन केलं, आणि 1933 साली पोर्टलँडाइटचंही. म्हणजे काँक्रीटमधल्या ज्या द्रव्याबद्दल आपण इथे बोलतोय, त्याची खनिज म्हणून पहिली ओळख याच टेकडीवरची. तिथे सीएसएच जेलही सापडतं. आता कुणी म्हणेल, 'जेल 6 कोटी वर्षं टिकलं!' तसं म्हणता येत नाही. भाजणं 6 कोटी वर्षांपूर्वीचं, भिजणं नंतर कधीही झालेलं असू शकतं. ज्या लेखात या दोन तारखा एक करून टाकलेल्या असतात तो लेख मी बाजूला ठेवतो.

ड्रम आणि कापडाचं: मान्य. मकारिन त्याबद्दल काहीही सांगत नाही.

आता 'वाचलेला नमुना'. टिकाऊपणाचा पुरावा म्हणून मकारिन वापरलं तर तुमचा आक्षेप बिनतोड आहे. पण तिथे शास्त्रज्ञांनी मुख्यतः बिघाडच तपासला. मकारिनचं सिमेंट टिकून राहिलेलं नाहीच, ते हजारो वर्षं झिरपून बाहेर पडतंय. आपल्याला भीती कशाची? भांडारातून अल्कधर्मी पाण्याचा लोंढा शेजारच्या खडकात शिरेल आणि खडकाची धरून ठेवायची ताकद नासवेल, याची. मकारिनला नेमकं हेच घडलंय. वाचलेल्या घराला विचारण्याऐवजी पडत असलेल्या घराचा चौथरा बघण्यासारखं आहे ते.

आणि काय दिसलं? भाजलेल्या भागातून निघालेलं पाणी भेगांतून शेजारच्या खडकात गेलं. भेगांच्या काठाने काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटरपर्यंत खडक बदलला. भेगांमध्ये एट्रिंगाइट, थॉमसाइट, सीएसएच आणि कॅल्साइट साचून त्या बुजल्या. मग डोंगर हलला, त्या पुन्हा फुटल्या, पुन्हा बुजल्या. एकाच शिरेत थरावर थर दिसतात.

इथे दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि मला त्याच महत्त्वाच्या वाटतात. भेग बुजली की पाण्याची वाट बंद होते, हे चांगलं. पण भेगेच्या काठावर खनिजांचा थर बसला तर पाण्यातले किरणोत्सारी अणू शेजारच्या छिद्राळ खडकात मुरून अडकायचे, ती वाटही बंद होऊ शकते. ते वाईट. म्हणून तिथे काठापासून आत खडकाची छिद्रं अजून जोडलेली आहेत का हे मुद्दाम तपासलं. बदललेल्या पट्ट्याच्या पलीकडेही मुरण्याच्या खुणा मिळाल्या.

तिथल्या पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म कणही मोजले, कारण त्यांच्या पाठीवर बसून प्लुटोनियमसारखे धातू दूर जाऊ शकतात. ते कमी निघाले. कॅल्शियम जास्त असलं की असे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. जिवाणू मात्र सापडले, इतक्या तीव्र सामूतही जिवंत.

यातलं एकही वाक्य 'निश्चिंत व्हा' असं सांगत नाही. पण गणितात कुठली भेग उघडी धरायची आणि कुठली बुजलेली, हा निर्णय आता हवेतून घ्यावा लागत नाही.

रानजाई

रोमन लोकांचं काँक्रीट यात बसत नाही का? ते तर समुद्रात दोन हजार वर्षं उभं आहे. ब्रिटनमधल्या हेड्रियनच्या भिंतीबद्दलही काहीतरी वाचलं होतं.

सिमेंटकर

रानजाई, यावर मी लिहितो, माझ्या आवडीचा विषय आहे.

रोमन बांधकामात पोर्टलँड सिमेंट नव्हतं. चुना आणि ज्वालामुखीची राख, म्हणजे पॉझोलाना. राखेतली सिलिका चुन्याशी सावकाश जोडली जाते आणि सीएसएचच्या जातीचंच बंधन तयार होतं, पण त्यात कॅल्शियम कमी आणि ॲल्युमिनियम जास्त. समुद्रातल्या रोमन धक्क्यांत ॲल्युमिनियमयुक्त टोबरमोराइटचे स्फटिक सापडलेत, खाऱ्या पाण्याने ते बांधकाम आतून आणखी घट्ट केलं. आपल्या सळीच्या काँक्रीटला तेच खारं पाणी खाऊन टाकतं, कारण क्लोराइड सळीपर्यंत पोचतं. रोमन कामात सळी नाहीच.

हेड्रियनच्या भिंतीचं काम सुरू झालं इसवी सन 122 मध्ये. तिच्या गाऱ्यातही सीएसएचसारखं बंधन मिळालंय. भर पावसात उभ्या राहिलेल्या भिंतीत ते शिल्लक राहावं, याची दखल घ्यायलाच हवी. पण शंकेखोर म्हणतात तो 'वाचलेल्यांचा' आक्षेप इथे पूर्ण लागू होतो. पडलेल्या भिंतींचे दगड लोकांनी केव्हाच दुसऱ्या बांधकामांना नेले.

शंकेखोर

खडकवाट, सविस्तर उत्तराबद्दल आभार. बिघाडाचा नमुना म्हणून बघायचं, हा विचार मी केला नव्हता. तेवढ्यापुरतं माझं मत बदललं, हे इथे जाहीर लिहितो.

पण कापड-कागदाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत सोडलात. तो इतका छोटा आहे का?

मेधा_क

नाही, छोटा अजिबात नाही. खडकवाट यांच्याऐवजी मीच लिहिते.

कापूस, कागद, लाकूड म्हणजे सेल्युलोज. तीव्र अल्कधर्मी पाण्यात सेल्युलोजची साखळी टोकाकडून एकेक कडी सुटत तुटते आणि आयसोसॅकरिनिक आम्ल बनतं. हे आम्ल प्लुटोनियम, थोरियम अशा धातूंना कवेत घेतं आणि पाण्यात विरघळलेलं ठेवतं. म्हणजे ज्या सामूच्या भरवशावर आपण धातू बसवून ठेवणार, तोच सामू त्यांना उठवणारं रसायन तयार करतो. हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा तपासलं गेलंय, कारण डोंगरात याचं प्रतिरूप नाही. उपायही साधाच, पण शिस्तीचा: भांडारात सेल्युलोज किती जाईल यावर मर्यादा घालायची आणि ती पाळायची.

हातमोजा कुठल्या पिशवीत टाकायचा यावर पुढच्या हजारो वर्षांचं रसायन ठरतं, हे मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही ऐकतात.

गोगलगाय

इतके दिवस नुसती वाचत होते. फोर्समार्कला काँक्रीटच्या भोवती बेंटोनाइट आहे म्हणालात. सिमेंटचं पाणी त्या मातीला त्रास देत नाही का?

खडकवाट

गोगलगाय, देतं. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. पाणी पिऊन फुगायचं आणि फटी बुजवायच्या हे त्याचं काम. सामू 11 च्या वर गेला की ते जास्त वेगाने विरघळतं आणि त्याच्या जागी न फुगणारी खनिजं येऊ शकतात. म्हणून वापरलेल्या इंधनाच्या भांडारांसाठी सिलिका फ्यूम, म्हणजे सिलिकाची अतिबारीक पूड, मिसळून कमी सामूचं सिमेंट बनवतात, ज्याच्या पाण्याचा सामू 11 च्या खाली राहतो.

पण 11 च्या खाली हजारो वर्षांत काय होतं? इथे मकारिन उपयोगाचं नाही, ते फार तीव्र पडतं. सायप्रसच्या ट्रूडोस डोंगरात मात्र नैसर्गिक बेंटोनाइटचे थर आहेत आणि त्यांच्या खालून 10 ते 11 सामूचं पाणी येतं. हे पाणी भाजलेल्या खडकातून येत नाही. समुद्रतळाचा जुना, मॅग्नेशियमने भरलेला खडक पाण्याशी संयोग पावून सर्पेंटाइन होतो, तेव्हा ते तयार होतं. ओमानच्या डोंगरांतही असेच झरे आहेत, सामू 11 च्या वर जाणारे. नाग्राने 1980 च्या दशकात पहिला अभ्यास तिथे करवून घेतला होता. फिलिपिन्समध्ये लुझोन बेटावरही बेंटोनाइट आणि अल्कधर्मी पाण्याची अशी गाठ पडते. सायप्रसला पार्साता या जागी विंधण घेऊन मातीचे गाभे काढले. माती बदललीय, पण फार थोडी, आणि तीही पाणी जिथून शिरतं त्या बाजूला. वरचा थर फुगायची ताकद राखून आहे.

म्हणजे एकच प्रतिरूप सगळ्या प्रश्नांना लावायचं नाही. तीव्र पाण्याला मकारिन, सौम्य पाण्याला सायप्रस, जेलच्या बारकाव्याला स्कॉट हिल.

सिमेंटकर

धागा वर काढतोय, कारण मध्यंतरी एक गोष्ट घडली.

एका जुन्या काँक्रीट टाकीच्या भिंतीतून तपासणीसाठी गाभा काढला होता, मनगटाएवढा जाड. त्यातून योगायोगाने एक भेग आरपार गेलेली. गाभा उभा चिरला आणि ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. हे रसायन अल्कधर्मी जागी गडद गुलाबी होतं आणि कार्बन डायऑक्साइडने सामू उतरवलेल्या जागी बिनरंगी राहतं. हे मी शेकडो वेळा केलंय आणि दर वेळी फक्त एकच बघितलं, गुलाबी कुठवर आलंय आणि सळी अजून किती लांब आहे.

या वेळी भेगेकडे बघितलं. बाहेरच्या अर्ध्यात भेगेच्या दोन्ही काठांना तीन-चार मिलिमीटरचे बिनरंगी पट्टे, पलीकडे लगेच गडद गुलाबी. आतल्या अर्ध्यात, पाण्याच्या बाजूला, भेग पांढऱ्या द्रव्याने गच्च भरलेली आणि तिथे पट्टा नाहीच. गुलाबी रंग दोन्हीकडून थेट पांढऱ्या रेषेला टेकलेला. भिंगाखाली त्या पांढऱ्या रेषेच्या मधोमध आणखी एक केसासारखी रेष दिसते, म्हणजे ती एकदा बुजून पुन्हा उघडली आणि परत बुजली असावी.

शेजारच्या सहकाऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, भेग तर भेग, त्यात काय. मी त्याला या धाग्याची लिंक पाठवली.

खडकवाट

सिमेंटकर, वाचून फार आनंद झाला. एक फरक लिहून ठेवतो म्हणजे गोंधळ नको. तुमच्या गाभ्यात भेग सिमेंटच्या आत आहे, आणि तिला बुजवणारं द्रव्य बहुधा कॅल्साइट असेल. मकारिनच्या भेगा सिमेंटच्या बाहेर, शेजारच्या खडकातल्या, आणि त्यांत बरंच काही खडक आणि अल्कलीच्या झटापटीतून आलेलं. मधली केसरेष मात्र मी मकारिनच्या चकत्यांच्या छायाचित्रांत बघितलीय, अगदी तुम्ही सांगता तशीच.

तो अर्धा गाभा फेकू नका. फवारलेला भाग बाजूला ठेवा आणि न फवारलेल्या अर्ध्याचा भेगेसकटचा तुकडा कोरड्या, हवाबंद डबीत ठेवा, नाहीतर कापलेल्या तोंडावर हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून नवा कॅल्साइट धरेल आणि जुना कुठला ते कळणार नाही. डबीवर बाहेरची बाजू कोणती आणि पाण्याची कोणती हे बाण काढून लिहा. टाकी किती वर्षं भरलेली होती, मध्ये कधी रिकामी केली होती का, याची नोंद मिळते का तेही बघा. रिकामी केल्याची तारीख मिळाली तर ती केसरेष केव्हाची हे कदाचित सांगता येईल. पातळ चकती मी करून देतो.